माळावरील चतुर आणि मुलांचे डोळे

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



परिसर अभ्यास हा विषय प्राथमिक शाळेत येऊन बराच काळ लोटला. तथापि पुष्कळ शाळांत परिसराचा अभ्यास अद्याप चार भिंतींच्या आतच होतो. फळ्यावर कीटकाचे चित्र काढले जाते, सहा पाय मोजले जातात, डोके, वक्ष व उदर ही नावे पाठ होतात. आणि त्याच वेळी खिडकीबाहेर, शाळेच्या पटांगणावर, तो कीटक प्रत्यक्ष घिरट्या घालीत असतो. मुलांचे डोळे खिडकीकडे वळले की त्यांना दटावून पुन्हा फळ्याकडे वळविले जाते. हा खिडकीबाहेरचा कीटक, म्हणजे चतुर, आणि ज्या माळावर तो वावरतो तो माळ, असा आजचा विषय आहे.

प्रथम माळाविषयी. बुलढाणा जिल्ह्याची ठेवण मोठी बोधप्रद आहे. उत्तरेस सातपुड्याच्या रांगा, मध्ये पूर्णा नदीचे काळ्या मातीचे सपाट खोरे, आणि दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगरांचे पठार. आपल्या बोलण्यात ‘घाटावरचा’ आणि ‘घाटाखालचा’ असा जो भेद सहज येतो, तो याच ठेवणीमुळे. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा हा मुलूख मुख्यतः घाटावरचा. या पठारावर पडलेला पाऊस दोन दिशांना वाहतो. नळगंगा, विश्वगंगा व ज्ञानगंगा यांच्या वाटेने उत्तरेस गेलेले पाणी पूर्णा व तापी यांतून अरबी समुद्रास मिळते. पैनगंगा व खडकपूर्णा यांच्या वाटेने गेलेले पाणी गोदावरीतून बंगालच्या उपसागरास मिळते. जेथे माती पातळ आहे, मुरूम व खडक वर आलेला आहे, तेथे नांगर चालत नाही. तेथे कुसळी, पवन्या, मारवेल असे गवत वाढते, मधूनमधून तरवड, बोर, हिवर, पळस दिसतो. यालाच आपण माळरान म्हणतो. दप्तरी भाषेत अशा पुष्कळ जमिनीस ‘ई-क्लास’ म्हणतात, आणि व्यवहारात ‘पडीक’ म्हणतात. हा ‘पडीक’ शब्द मुलांच्या मनात एकदा रुजला म्हणजे तेथे पाहण्यासारखे काही नाही अशी समजूतही त्याबरोबर रुजते. ती समजूत खरी आहे काय, हे मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी ठरवावे, एवढाच या व्याख्यानाचा हेतू आहे.

इंग्रजी पुस्तकांतून चतुर हा उन्हाळ्याचा कीटक म्हणून वर्णिलेला असतो. इंग्लंड व स्कॉटलंड येथील उंच, दलदलीच्या माळांवर तो जून ते ऑगस्ट या काळात दिसतो. कारण तेथे पाणी बारमाही असते आणि उणीव असते ती उबेची. आपल्याकडे गोष्ट उलटी आहे. ऊब बारा महिने आहे. उणीव आहे ती पाण्याची. म्हणून आपल्या माळावर निरीक्षणाचे दोन वेगळे हंगाम मानावे लागतात.

पहिला हंगाम चैत्र-वैशाखाचा. या दिवसांत माळ करपलेला दिसतो, परंतु तो निर्जीव नसतो. सकाळच्या वेळी चंडोल आकाशात चढत चढत गातो. माळटिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांच्या आधारे, खड्यांसारखीच ठिपकेदार अंडी घालते. मनुष्य जवळ आला की ओरडून त्याला दूर नेऊ पाहते. तितर बोरीच्या झुडपातून हाका देतात, ससा ढेकळाआड दडून बसतो, खोकडाची बिळे मुरमाड उतारावर आढळतात. रोही संध्याकाळी पाण्याच्या ओढीने खाली उतरतात. चतुर मात्र या दिवसांत माळावर फारसे दिसत नाहीत. ते जेथे पाणी उरले असेल तेथे, म्हणजे नदीचा डोह, पाझर तलाव, विहीर, गुरांचा हौद येथे गोळा झालेले असतात. म्हणून उन्हाळ्यात चतुर शोधणे म्हणजे गावात पाणी कोठे उरले आहे ते शोधणे होय. सुट्टीत शिक्षक गावी असेल, तर त्याने एखाद्या सकाळी अशा डोहाकाठी शांत बसून पाहावे. पुढच्या वर्षभराच्या पाठांची तयारी तेथे होते.

दुसरा हंगाम मृगापासून दसऱ्यापर्यंतचा. पहिल्या सरी पडताच मखमली तांबडा मृगाचा किडा जमिनीवर येतो, बेडूक ओरडू लागतात, खळग्यांत पाणी साचते, आणि पाहता पाहता माळावर चतुरांची दाटी होते. विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, तेव्हा हा देखावा नुकताच सुरू झालेला असतो. शाळेचे वर्ष आणि चतुरांचे वर्ष एकदमच उघडते, ही शिक्षकाला मोठीच सोय आहे.

आता प्रत्यक्ष ओळखीकडे वळू. मुले ज्यास सरसकट चतुर म्हणतात त्यांत दोन गट आहेत. पहिला चतुर. याचे शरीर दणकट असते, बसताना पंख दोन्ही बाजूंस पसरलेले राहतात आणि बहुतेक जातींत दोन्ही डोळे डोक्यावर एकमेकांस भिडलेले असतात. दुसरी टाचणी. तिचे शरीर नावाप्रमाणे बारीक, डोळे एकमेकांपासून दूर, आणि बसताना बहुतेक टाचण्या पंख पाठीवर मिटून घेतात. एवढ्या खुणा दुसरीतील मूलही दहा पावलांवरून ओळखू शकते. जगात या गणातील सहा हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत आणि भारतात सुमारे पाचशे. शिक्षकाने त्या सर्व जाणल्या पाहिजेत असे मुळीच नाही. गावात पाच-सहा ओळखता आल्या तरी प्रारंभास पुरे. पाण्याकाठी काडीच्या टोकावर बसणारा लालभडक नर आणि त्याच जातीची पिवळसर मादी. सांडपाण्याच्या नालीवरही दिसणारा नारिंगी पंखांचा चतुर. हौदाच्या करड्या भिंतीला असा चिकटून बसणारा की भिंतीचाच भाग वाटावा, तो करडा ठिपकेदार चतुर. आणि पटांगणावर थव्याने, न बसता, तासन् तास तरंगणारा सोनेरी-पिवळा चतुर. नर आणि मादी यांचे रंग भिन्न असतात हे मुलांना आधी सांगू नये. ‘या दोन निरनिराळ्या जाती आहेत का?’ असा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवावा आणि जोडी एकत्र उडताना दिसेपर्यंत वाट पाहावी.

चतुराचे डोळे हजारो लहान भिंगांचे बनलेले असतात; काही जातींत एका डोळ्यात अशी भिंगे तीस हजारांच्या आसपास असतात. त्याचे चारही पंख स्वतंत्रपणे हलू शकतात, म्हणून तो हवेत एका जागी थांबतो, मागे सरतो आणि एकाएकी वळतो. सहा पाय चालण्याच्या फारसे कामाचे नाहीत. उडता उडता भक्ष्य पकडण्याची ती एक टोपलीच असते. हे सारे सांगण्यापेक्षा पाहण्यात अधिक आनंद आहे.

परंतु चतुराची खरी कथा पाण्यात घडते, आणि बहुतेक मुलांना ती ठाऊक नसते. मादी उदराचे टोक पाण्यास पुनःपुन्हा टेकवीत अंडी घालते. चकाकणारा पृष्ठभाग तिला पाण्यासारखा भासतो. म्हणून मोटारीच्या गुळगुळीत टपावरही ती शेपूट टेकवताना कधी कधी दिसते. अंड्यातून निघालेले पिल्लू मळकट, बिनपंखांचे असते आणि तळाच्या गाळात राहते. त्याचा खालचा ओठ डोक्याखाली दुमडलेला असतो; भक्ष्य जवळ येताच तो झटकन पुढे फेकला जातो आणि डासाची अळी, बेडकाचे लहान पिल्लू जे सापडेल ते धरून आणतो. चतुराचे पिल्लू श्वसनासाठी गुदद्वारावाटे पाणी आत घेते, आणि तेच पाणी जोराने बाहेर फेकून बाणासारखे पुढे सरकते. टाचणीच्या पिल्लाला मागच्या टोकास पानासारखे तीन कल्ले असतात. अनेकदा कात टाकून पिल्लू मोठे होते आणि एके रात्री किंवा पहाटे गवताच्या काडीवर चढते. पाठ उकलते आणि आतून चतुर बाहेर येतो. फुलपाखराप्रमाणे मध्ये कोशाची अवस्था नसते. काडीवर पोकळ कात तेवढी उरते. ही कात शाळेत आणावी, काचेच्या बाटलीत ठेवावी, भिंगाखाली पाहावी. तिच्यावर पाय, डोळे, पंखांच्या पिशव्या, सारे स्पष्ट दिसते. आणि ती आणल्याने कोणाचाही जीव जात नाही.

येथे एका नाजूक गोष्टीचा विचार करणे प्राप्त आहे. आपल्या खेड्यांत चतुर पकडून त्याच्या शेपटीस दोरा बांधण्याचा खेळ पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. दोऱ्याने बांधलेला चतुर उडवायचा, त्याच्याकडून खडा उचलवून घ्यायचा, आणि तो थकला की फेकून द्यायचा. हे पाहून शिक्षक बहुधा दोनपैकी एक करतो; दुर्लक्ष करतो किंवा शिक्षा करतो. दोन्हींनी काही साधत नाही. दोरा बांधणारे मूल क्रूर असते असे नव्हे. वर्गातील इतर मुलांपेक्षा त्याने चतुराकडे अधिक बारकाईने पाहिलेले असते. चतुर कोठे बसतो, मागून हळू गेले तर उडत नाही, एकदा उडाला तरी पुन्हा त्याच काडीवर येतो, हे त्याला पक्के ठाऊक असते. हे ज्ञान पुस्तकात मिळालेले नाही. ते त्याने स्वतः मिळविले आहे. शिक्षकाचे काम ते ज्ञान ओळखणे, आणि पकडण्याच्या ओढीचे पाहण्याच्या ओढीत रूपांतर करणे हे आहे. अशा मुलाला निरीक्षणाच्या दिवशी पुढारी करावे. ‘तोच चतुर त्याच काडीवर किती वेळा परत येतो, ते मोजून सांग’ असे काम त्याच्याकडे द्यावे. मोजावयाचे म्हणजे त्याला मोकळे सोडावे लागते. बांधलेला चतुर मोजता येत नाही. दयेचा धडा अशा रीतीने उपदेशाविना दिला जातो, आणि तो टिकतो.

पटांगणावर थव्याने तरंगणाऱ्या त्या सोनेरी-पिवळ्या चतुराविषयी शिक्षकाने थोडे अधिक जाणून घेणे इष्ट आहे. शास्त्रज्ञ त्यास पँटाला फ्लाव्हेसेन्स म्हणतात. पावसाने भरलेल्या तात्पुरत्या डबक्यांत तो अंडी घालतो आणि त्याची पिल्ले अवघ्या दीड-दोन महिन्यांत वाढतात. कारण डबके आटण्यापूर्वी त्यांना उडून जावयाचे असते. मालदीव बेटांवर दर वर्षी ऑक्टोबरच्या सुमारास या चतुरांचे थवे उतरतात. त्या बेटांवर गोड्या पाण्याचे साठे जवळजवळ नाहीत; मग हे चतुर येतात कोठून, असा प्रश्न तेथे राहणारे समुद्रजीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांना पडला. वर्षानुवर्षे नोंदी ठेवून त्यांनी २००९ साली असे मत मांडले की, हे चतुर भारताकडून वाऱ्याच्या साह्याने हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेस जातात, आणि त्यांची पुढची संतती नैऋत्य मोसमी वाऱ्यांबरोबर भारतात परतते. हा सारा फेरा त्यांच्या अंदाजाने १४,००० ते १८,००० किलोमीटरांचा असून तो सुमारे चार पिढ्यांत पुरा होतो. २०१२ साली मालदीवमध्ये धरलेल्या चतुरांच्या पंखांतील हायड्रोजनची तपासणी प्रसिद्ध झाली; तीवरून ते भारतीय उपखंडाच्या उत्तर भागातून आले असावेत असे दिसून आले. आपल्या माळावरील प्रत्येक चतुर आफ्रिकेहून आला असे यावरून मुलांना सांगू नये; तसे कोणी सिद्ध केलेले नाही. परंतु ज्यास आपण पडीक म्हणतो त्या माळावरील पावसाचे डबके महासागरापलीकडच्या देशाशी जोडलेले असू शकते, एवढे सांगण्यास हरकत नाही. भूगोलाच्या तासास याहून चांगला प्रारंभ क्वचितच मिळेल. आणि हा शोध लागला तो कशाने? महागड्या उपकरणाने तो सुरू झाला नाही; ‘या वर्षी पहिला चतुर कोणत्या तारखेस दिसला’ या साध्या नोंदीने तो सुरू झाला. तशी नोंद जिल्हा परिषदेच्या कोणत्याही शाळेत ठेवता येते.

चतुरांचा आरोग्याशीही संबंध आहे. प्रौढ चतुर डास खातो, त्याचे पिल्लू डासाच्या अळ्या खाते. ब्रह्मदेशातील यांगून शहरात, ज्याला आपण पूर्वी रंगून म्हणत असू, लोकांच्या सहकार्याने एक प्रयोग करण्यात आला आणि त्याचा वृत्तांत १९९० साली प्रसिद्ध झाला. घरांतील पाणी साठविण्याच्या भांड्यांत लाल चतुराची पिल्ले सोडली असता काही आठवड्यांत डेंग्यूच्या डासांच्या अळ्या फार घटल्या. तथापि यातून चुकीचा अर्थ निघू देऊ नये. आपल्या गावात भांडी झाकणे, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळणे आणि नाल्या वाहत्या ठेवणे हेच उपाय होत. चतुर हा आपला साहाय्यक आहे, सफाई कामगार नव्हे. मात्र ज्या डबक्यात व ओढ्यात चतुरांची पिल्ले आहेत तेथे फवारणीचे पंप व कीटकनाशकांचे डबे धुऊ नयेत, हे शेतकऱ्याच्या घरी मूल सांगू शकते. आणि मुलाने सांगितलेले घरात पुष्कळदा ऐकले जाते.

आता पद्धतीविषयी. मोठी सहल काढण्याची गरज नाही. शाळेपासून पंधरा मिनिटांच्या वाटेवरील माळाचा एक तुकडा आणि त्याजवळचे उथळ पाणी निश्चित करावे. महिन्यातून दोनदा, सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, ऊन पडलेले असताना जावे. ढगाळ हवेत चतुर फारसे उडत नाहीत. चार-चार मुलांचे गट करावेत. वहीत दिनांक, वेळ, ऊन की ढग, पाणी किती, चतुर किती, टाचण्या किती, कोण काय करीत होता, एवढेच लिहावे. नाव ठाऊक नसेल तर मुलाने आपल्या शब्दांत वर्णन लिहावे किंवा चित्र काढावे. गावातील म्हाताऱ्या माणसांना, मेंढपाळांना त्यांची नावे विचारावी आणि ती जशीच्या तशी टिपावी. भारतीय चतुरांवरील इंग्रजी ग्रंथ फ्रेझर या लष्करी डॉक्टरने १९३३ ते १९३६ या काळात तीन खंडांत लिहून ठेवला. पण आपल्या बोलीतील नावे त्यात सापडणार नाहीत. ती मुलेच गोळा करू शकतील. चतुरांसमवेत इतर जीवही टिपावे. तारेवरून झेपावून चतुर पकडणारा आणि फांदीवर आपटून गिळणारा वेडा राघू, कोतवाल, जाळ्यात चतुर अडकवून बसलेला कोळी यांवरून कोण कोणाला खातो ही साखळी मुलांस आपोआप उलगडेल.

लोणार तालुक्यातील शाळांना एक विशेष संधी आहे. उल्कापाताने बनलेल्या त्या विवरातील सरोवराचे पाणी खारट व अल्कधर्मी आहे, तर धारेचे पाणी गोडे आहे. २०२० साली या सरोवरास रामसर पाणथळ म्हणून मान्यता मिळाली. चतुर कोणत्या पाण्यावर अधिक रेंगाळतात आणि अंडी कोठे घालतात, एवढा एकच प्रश्न घेऊन मुलांनी वर्षभर पाहावे. उत्तर शिक्षकाने आधी सांगू नये.

सुरक्षिततेविषयी कोणतीही ढिलाई चालणार नाही. विहिरीच्या काठावर, खोल डोहावर आणि शेततळ्यावर मुलांना कदापि नेऊ नये. शेततळ्याच्या प्लास्टिकवरून घसरलेले मूल स्वतः वर येऊ शकत नाही. ओल्या प्लास्टिकवर पट्टीच्या पोहणाऱ्याचाही पाय ठरत नाही. घोट्याइतक्या पाण्यापलीकडे निरीक्षण नको. पायांत जोडे असावेत, गवतात काठीने चाहूल देत जावे. पहिला गडगडाट ऐकताच माळ सोडून शाळेत परतावे. एकट्या झाडाखाली आश्रय घेऊ नये. एप्रिल-मे महिन्यांत टिटवीची अंडी दिसली तर दुरूनच पाहून पुढे जावे. पक्षी उठून राहिला तर ती उन्हाने बिघडतात.

शेवटचा मुद्दा माळाच्या भवितव्याचा. शाळेकडे वृक्षारोपणाचे उद्दिष्ट येते आणि खड्डे खणण्यास सोपी जागा म्हणून माळ निवडला जातो. झाडे लावणे हे सत्कार्य आहे. परंतु गवताळ माळ हा झाडे नसल्यामुळे रिकामा पडलेला नसतो. चंडोल, माळटिटवी, खोकड यांना उघडी जमीनच लागते. म्हणून झाडे रस्त्याच्या कडेला, शाळेच्या आवारात, बांधावर, ओढ्याच्या काठी लावावी. चांगल्या गवताचा एखादा तुकडा तरी तसाच राखावा. आणि उन्हाळ्यात गवत पेटवून देण्याची प्रथा मुलांकरवी घरोघर थोपवावी. खड्डे कोठे घ्यावयाचे हे ठरविण्यापूर्वी मुलांची निरीक्षणवही शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवावी. ज्या माळावर वर्षभरात काय काय दिसले याची पानेच्या पाने भरलेली आहेत, त्याला पडीक म्हणणे मग गावाला जड जाईल.

१९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत, मुलाचे शिक्षण त्याच्या भोवतालच्या परिस्थितीशी जोडलेले असावे हा विचार मांडला गेला. त्यासाठी मोठ्या खर्चाची वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या जूनच्या अखेरीस शाळा उघडतील. पहिल्या आठवड्यात, पाऊस थांबून ऊन पडले असता, प्रत्येक शाळेने एक वही घेऊन एक तास माळावर घालवावा, आणि पहिल्या पानावर पहिला चतुर दिसल्याची तारीख लिहावी. पुढील पाने मुले भरतील.